पिवळी झालेली परीक्षानळी

बाकावर पाच वापरलेल्या परीक्षानळ्या होत्या, दोन ड्रॉपर, एक थर्मामीटर आणि बाटलीच्या तळाशी दोन बोटं उरलेला रंगहीन द्रव. हे कुठलं अल्कोहोल, ते मला संध्याकाळच्या आत मॅडमना सांगायचं होतं. बरोबर आलं तर प्रयोगशाळेतली नोकरी पक्की... नाहीतर उद्यापासून घरी.

सेरिक द्रावणाने लाल रंग दिला, म्हणजे अल्कोहोल नक्की. लुकासच्या द्रावणात गढूळपणा आला नाही, म्हणजे प्राथमिक प्रकारचं. वास आणि बाकीच्या चाचण्यांवरून दोनच नावं उरली. आयोडीन आणि अल्कली घातल्यावर पिवळा साका आला तर एथॅनॉल, नाही आला तर प्रोपॅनॉल.

“नळी हवी?”

शेजारच्या बाकावरचा थेंब्या. थेंब मोजल्यासारखं बोलतो म्हणून सगळे त्याला तसंच म्हणायचे. एक धुतलेली, लख्ख कोरडी नळी त्याने पुढे धरली. काचेतून गाळून आलेलं ऊन त्याच्या बोटांवर सांडलं होतं... नळी घ्यायची सोडून मी बोटांकडेच बघत राहिले.

“इतकी कोरडी? ओव्हन तर बंद आहे.”

“तुझ्यासाठी चालू आहे असं समज.”

थोड्याच वेळात नळीत पिवळा साका उतरला, पराग झडावेत इतका हळू. एथॅनॉल! उत्कलनबिंदू न घेताच मी पेन उचललं.

“थांब.” त्याने माझं पेन अडवलं. “नळी मी ॲसिटोनने विसळली होती... लवकर वाळावी म्हणून.”

मी पेन खाली ठेवलं. ॲसिटोननेही पिवळाच साका येतो, हे आम्ही दोघंही कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो.

“माझी मावशी म्हणते, न मागता मदत करणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.”

“मावशींचं बरोबर आहे.”

“मग आलास कशाला?”

“तुझ्याशी बोलायला निमित्त शोधत होतो... कधीपासून. नळीशिवाय दुसरं काही सुचलं नाही.”

रागवायचं राहूनच गेलं. उरलेला द्रव बारीक नळीत भरून मी ती तापत ठेवलेल्या तेलाच्या भांड्यात सोडली. थर्मामीटर त्याने धरला. थर्मामीटर तिरका होत होता, म्हणून मी त्याच्या हातावर माझा हात ठेवला. आकडा नीट वाचता यावा म्हणून — निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

“अठ्ठ्याहत्तरला उकळलं तर एथॅनॉल. तुझ्या ॲसिटोनने काही बिघडलं नाही. तू सुटलास.”

“आणि सत्त्याण्णवला?”

“तर प्रोपॅनॉल. म्हणजे बुडवत होतास तूच आणि वाचवलंसही तूच. अशा माणसाला मोकळं सोडत नाहीत.”

“किती दिवस?”

“ते मावशीला विचारून ठरवू.”

पारा चढू लागला. सत्तर... पंचाहत्तर... अठ्ठ्याहत्तर. द्रव शांतच होता. माझ्या हाताखाली त्याची बोटं हलली, पण सुटली नाहीत. मग एक बुडबुडा उठला, त्यामागे दुसरा, आणि पुढे सलग माळच.

पारा सत्त्याण्णव अंशांवर होता.