तोंडानं बोल, फेम्के

शनिवारी वावाऊ बेटावरच्या नेइआफू गावाच्या बाजारात कलिंगडं स्वस्त असतात आणि माणसं बोलकी. तरी त्या दिवशी फेम्के गप्प होती, कारण तिच्या तोंडात कलिंगडाची फोड होती. पावसाची एक सर बंदरावरून सरकत आली होती आणि बाजाराच्या पत्र्यावर ताशा वाजवत होती. त्या सरीतून एक उंच तरुण पळत आला आणि नेमका तिच्यासमोर पत्र्याखाली थांबला. केसांतून पाणी, नाकावरून पाणी, खांद्यावरच्या गुंडाळलेल्या शिडातूनही पाणी.

"माफ करा… इथं शिडं शिवणारे योप कुठं राहतात, माहीत आहे तुम्हाला?"

फेम्केनं दोन्ही भुवया वर केल्या.

तो वाट पाहत राहिला.

"योप," तो म्हणाला. "डच आहेत. मोठी दाढी आहे. माहीत आहेत का?"

फेम्केनं भुवया पुन्हा उचलल्या, या वेळी जरा जास्तच. त्यानं आवाज चढवला आणि एकेक शब्द सुटा केला.

"शिडं… शिवणारे… योप?"

तिनं फोड गिळली. "दोनदा सांगितलं की."

"कधी?"

त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की फेम्केला त्याची दयाच आली. बोटीवरच्या माणसांचं हे असंच. जन्मभर इंजिनाच्या शेजारी झोपतात, मग कान जातात. एवढा देखणा माणूस आणि ऐकू कमी येतं! त्याचा कुठला कान बरा असेल याचा अंदाज घेत ती डाव्या बाजूला गेली, टाचा उंचावल्या आणि त्याच्या कानात ओरडली, "माझेच बाबा आहेत ते! चला!"

तो जागच्या जागी उडाला. पण मुकाट्यानं मागोमाग आला.

योपच्या शिडांच्या दुकानात त्या दुपारी कुणाला काम सुचलं नाही. तो तरुण म्हणजे योपच्या जुन्या मित्रांचा, डग आणि मॉरीनचा मुलगा कॅलम निघाला. वीस वर्षांपूर्वी दोन बोटी हॉबार्टहून बरोबर निघाल्या होत्या, डगची 'टर्न' आणि योपची एक गळकी होडी. 'टर्न' पुढं जग हिंडत राहिली. योप आणि त्याची बायको ग्रीत एका आठवड्यासाठी म्हणून वावाऊला थांबले, आणि तो आठवडा अजून संपायचा होता. आता योप आणि मागोमाग येऊन पोचलेला डग, दोघे म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि डोळे पुसताना शिडाच्या कापडातली धूळ फार झाल्याची तक्रार करत होते.

"हीच का ती चावरी?" डगनं फेम्केकडे बघून विचारलं.

"चावरी?" फेम्के म्हणाली.

"तू चार वर्षांची होतीस," ग्रीत हसू दाबत म्हणाली. "कॅलमनं तुझं केळं खाल्लं, म्हणून तू त्याच्या कानाला चावलीस. चांगलं रक्त काढलंस."

फेम्केचा चेहरा पडला. "कुठल्या… कानाला?"

"उजव्या," कॅलम म्हणाला आणि कानाची पाळी पुढं करून त्यानं पांढरा वण दाखवला.

म्हणजे हे आपलंच पाप तर! तेव्हापासून फेम्के त्याच्याशी बोलायची ती डाव्या बाजूनं, अगदी जवळ जाऊन, मोठ्यानं. तो एकदाही चिडला नाही. उलट दोन-तीन दिवसांत ती आली की डावा कान आपणहून पुढं करायला शिकला. किती समजूतदार, तिला वाटलं.

'टर्न'चं मोठं शीड मधोमध फाटलं होतं. ते शिवताना कॅलम समोर बसायचा. हॉबार्टला त्यानं लाकडी बोटी बांधल्या होत्या. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून तो जाड सुई रेटायचा तेव्हा फेम्केचं आपल्या टाक्यांकडे लक्ष राहायचं नाही. त्याचे हात मोठे होते, खरबरीत होते, पण कापडाला कसे हलकेच धरायचे!

"तुझे टाके माझ्यापेक्षा सरळ आहेत," तो एकदा म्हणाला.

"तू शिडाकडे बघून शिवत जा, माझ्याकडे नाही. मग तुझेही येतील."

"मग वाकडेच बरे."

फेम्केनं मान खाली घातली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्या लपल्या नाहीत.

आणि ते कुटुंब! फेम्के शिडांत वाढली होती, पण बोट अशी चालवताना तिनं कुणाला पाहिलं नव्हतं. 'टर्न' नांगर टाकायला यायची तेव्हा मॉरीन पुढं उभी राहायची, डग मागं सुकाणूवर, कॅलम मधे. एक शब्द नाही. मॉरीननं हात डावीकडे केला की बोट डावीकडे, मूठ मिटली की बोट जागच्या जागी. शेजारच्या बोटींवरची नवराबायको नांगर टाकताना घटस्फोटाच्या गोष्टी करायची, आणि हे तिघे बोटांनी गप्पा मारत नांगर टाकून चहाला बसायचे. फेम्केला ते फार आवडायचं. या घरात न बोलता सगळं कळतं, तिला वाटायचं.

रविवारी बेटावर सगळं बंद. सुईलासुद्धा हात लावायचा नाही. चर्चमधलं गाणं डोंगर उतरून पाण्यापर्यंत यायचं, आणि त्यानंतर मेलेआनाकडे जेवण. मेलेआना दुकानातली सगळ्यात जुनी शिवणारी. ग्रीत कामात असायची तेव्हा फेम्केला कडेवर घेऊन हिंडवलं होतं ते तिनंच. जमिनीतल्या भट्टीतून पानांच्या पुरचुंड्या निघाल्या, आत नारळाच्या दुधात शिजलेलं मांस. कॅलमनं एक संपवली, दुसरी संपवली, तिसरीकडे हात नेला.

"पोट आहे की पेटी?" मेलेआना म्हणाली. "खा, पोरा, खा. खाणाऱ्या माणसाचं मन साफ असतं. काय गं फेमी, साफ आहे ना?"

फेम्केनं भुवया उचलल्या.

कॅलमनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तिसरी पुरचुंडी तशीच ठेवली.

परतताना सर आली. फेम्के आणि कॅलम एका मोठ्या, फणसासारखी फळं लागणाऱ्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली थांबले. जागा पुरेशी होती, पण दोघे थोड्याच जागेत उभे राहिले. त्याच्या ओल्या सदऱ्याला मिठाचा आणि धुराचा वास होता. पाऊस थांबला तरी तो थांबला असल्याचं बराच वेळ कुणी बोललं नाही.

पण वारा कुणासाठी थांबत नाही. वादळांचे महिने तोंडावर आले होते, त्याआधी न्यूझीलंड गाठायला हवं होतं. पुढच्या शनिवारी डगनं हवामान पाहिलं आणि जाहीर केलं, "सोमवारी सकाळी निघायचं."

त्या संध्याकाळी कॅलम धक्क्यावर तिच्या शेजारी येऊन बसला. पाणी काळंभोर आणि शांत होतं. त्याचा हात तिच्या हाताला लागून होता.

"इथं बोटी दुरुस्त करणारं कुणी आहे?"

"होता एक. आता त्याच्या हाताला कंप सुटलाय."

"हं." तो तिच्याकडे वळला. "फेम्के… मी मागं राहू का? इथं? बोटींसाठी विचारत नाहीये मी. तुझ्यासाठी विचारतोय."

 फेम्केनं त्याच्याकडे वळून भुवया उचलल्या. जन्मात कधी इतक्या उंच उचलल्या नसतील. डोळे भरून आले तरी खाली आणल्या नाहीत.

तो वाट पाहत राहिला. दूरवर कुणाच्या तरी दोऱ्या डोलकाठीवर टकटक करत होत्या.

"समजलं," तो शेवटी हळूच म्हणाला. "विचारायला नको होतं मी. माफ कर."

आणि तो उठून गेला.

फेम्के तिथंच बसून राहिली. हा कसला माणूस? मागितलं ते हातात पडलं आणि हा माफी मागून निघून गेला! रविवारी तो जेवायला आला नाही, म्हणे पाण्याच्या टाक्या भरायच्या होत्या. सोमवारी सकाळी त्यानं तिच्याशी हस्तांदोलन केलं, पाहुण्यांशी करतात तसं. फेम्केही काही कमी नव्हती. "सुखरूप जा," ती म्हणाली, आणि चक्क साध्या आवाजात म्हणाली. ऐकू येवो नाहीतर न येवो, तिला आता पर्वा नव्हती.

'टर्न' बंदरातून हळूहळू बाहेर सरकली. योप आणि ग्रीत धक्क्यावर हात हलवत उभे राहिले. फेम्के दुकानात आली आणि कुणाचं तरी निरुपद्रवी शीड असं शिवायला लागली जणू त्यानंच तिचं घर बुडवलं होतं. बोटात सुई गेली. मग पुन्हा गेली.

"दे इकडे," मेलेआनानं शीड ओढून घेतलं. "रक्ताचे डाग निघत नाहीत. काय झालं?"

"काही नाही. त्यानं विचारलं, राहू का म्हणून. मी हो म्हटलं. आणि तो निघाला."

"हो म्हटलंस?"

"हो."

"कसं म्हटलंस?"

"कसं म्हणजे? हो म्हणतात तसं." आणि फेम्केनं भुवया उचलून दाखवल्या.

मेलेआना तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग ती शिडावर आडवी होऊन हसली. "घोडं इथं पेंड खातंय होय! अगं, तो पालांगी. परदेशातलं पोर. भुवया उचलल्या म्हणजे हो, हे त्याला कुठून कळणार?"

"मीसुद्धा पालांगीच आहे."

"तू?" मेलेआनानं डोळे पुसले. "तू कसली पालांगी. पालांगी तुझी आई, ती अजून तोंडानं हो म्हणते."

फेम्केला बाजार आठवला. कलिंगडाची फोड, 'दोनदा सांगितलं की', 'कधी?'… ती एकदम उठून उभी राहिली. "म्हणजे त्याला ऐकू…"

"सगळं येतं! त्या रविवारी माझा नवरा स्वयंपाकघरात पुटपुटला, पुरचुंड्या संपायला आल्या. हा बाहेर बसला होता, लगेच हात आखडला त्यानं. आम्ही सगळे हसत होतो, तू त्याच्या कानात का ओरडतेस म्हणून. प्रेमात पडलं की माणसं काहीही करतात, म्हणून कुणी बोललं नाही. आता माझं तोंड काय बघतेस? रेडिओ घे."

रेडिओ भिंतीवर होता. बंदरातल्या सगळ्या बोटी तो दिवसभर चालू ठेवतात, आणि त्यावर बोललेलं सगळे ऐकतात. फेम्केनं बटण दाबलं. "टर्न, टर्न… शिडांचं दुकान बोलतंय."

"बोल, चावरी," डगचा आवाज आला. "शेवटचं बेट मागं टाकतोय आम्ही. वारा झकास आहे."

"कॅलम आहे?"

खरखर झाली, रेडिओ कॅलमकडे गेला. मग, "आहे."

"शनिवारी तू विचारलंस ना… मी उत्तर दिलं होतं. तुला दिसलं नाही. म्हणजे दिसलं, पण कळलं नाही. चूक माझी. मी इथली आहे ना… इथं असंच सांगतात."

"कसं सांगतात? फेम्के… उत्तर काय होतं?"

फेम्केनं रेडिओसमोर दोन्ही भुवया उचलल्या.

खरखर. फक्त खरखर.

मेलेआनानं तिच्या पाठीत धपाटा घातला. "तोंडानं बोल, फेम्के!"

"हो!" फेम्के म्हणाली. "हो, राहा. हो म्हटलं होतं मी, तेव्हाच, भुवया उचलून. मला हवा आहेस तू."

तिनं बटण सोडलं. बंदरात एका बोटीचा भोंगा वाजला, मग दुसरीचा, मग सगळीकडून. रेडिओवर कुणी अनोळखी बाई म्हणाली, "अहो टर्न, उत्तर द्या की, आमचा चहा गार होतोय."

"टर्न वळते आहे," हा मॉरीनचा आवाज होता. तिला रेडिओवर कुणी कधी ऐकलं नव्हतं. "न्यूझीलंडला आम्ही दोघं जाऊ. हा जन्मायच्या आधी आम्ही दोघांनीच अर्धं जग पाहिलंय. डग कुरकुरतोय, तिकडे लक्ष देऊ नका."

दुपारी फेम्के धक्क्यावर पोचली तेव्हा 'टर्न' आत शिरत होती. मॉरीन पुढं उभी होती. या खेपेला तिनं ना हात केला ना मूठ मिटली, नुसती हसत होती. कॅलम पिशवी टाकून उडी मारून उतरला आणि तिच्यासमोर येऊन थांबला, पहिल्या दिवशी बाजारात थांबला होता तसाच, पण आज कोरडा.

"बाजारातल्या बायकासुद्धा भुवया उचलायच्या," तो म्हणाला. "मला वाटायचं, या बेटावरच्या लोकांना सगळ्याचंच आश्चर्य वाटतं."

"आणि मला वाटायचं तुला ऐकू येत नाही." ती अजून लाजेनं चूर होती. "मी इतके दिवस कानात ओरडत होते. तू विचारलं का नाहीस, का ओरडतेस म्हणून?"

"विचारलं असतं तर तू लांबून बोलली असतीस."

 फेम्के एक पाऊल पुढं आली, टाचा उंचावल्या आणि त्याच्या उजव्या कानाशी, त्या पांढऱ्या वणाशी ओठ नेऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "किती दिवस राहणार आहेस? आठवडाभर?"

मागं थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या योपनं ते ऐकलं नसावं, पण त्यानं ग्रीतचा हात धरला होता.

"तुझ्या बाबांचा होता तेवढाच आठवडा," कॅलम म्हणाला.

"म्हणजे कायमचा?"

कॅलमनं तोंड उघडलं, मिटलं आणि मोठ्या कष्टानं दोन्ही भुवया वर केल्या. सवय नव्हती. भुवयांबरोबर त्याचे कानही हलले.

"कळलं," फेम्के म्हणाली, आणि त्याची पिशवी उचलून घराकडे चालू लागली.