एकेचाळिसावी नोंद

"मी चोरी केलेली नाही, हे चार वाजायच्या आत सिद्ध करायचंय," मुलगी म्हणाली आणि खुर्चीत बसायचंच विसरली.

वहिनींनी तिला हाताला धरून बसवलं. घड्याळात साडेअकरा झाले होते. खासगी तपास हा वहिनींचा धंदा, आणि टिपणं घ्यायला त्यांचे धाकटे दीर, ज्यांना सगळेच भावजी म्हणत. भावजी माणूस सालस, पण गोष्ट डोक्यात शिरायला जरा वेळ लागे.

मुलगी सहा वर्षं प्राचीन ग्रीकांवर संशोधन करत होती. लहान मुलांच्या थडग्यांत सापडणारी भांडी पुरण्यासाठी नवी आणलेली नव्हती, ती त्या मुलांच्या रोजच्या वापरातली होती, असं तिचं म्हणणं. पुरावा म्हणजे भांड्यांवरचे ओरखडे. प्रबंध दाखल झाला आणि पंधरा दिवसांनी परीक्षा समितीला निनावी पत्र आलं, की हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीच्या एका लेखातून उचललंय. समिती आज चारला बसणार होती. प्रबंध फेटाळला की सहा वर्षं पाण्यात.

"तू तो लेख वाचलायस?" वहिनींनी विचारलं.

"त्याचं नावच मी पत्रामुळे ऐकलं. गेल्या वर्षी डेटाबेसमध्ये शोध घेतला तेव्हा चाळीस नोंदी आल्या. चाळीसही लेख मिळवून वाचले. पान उघडून वाचल्याशिवाय तळटीप लिहायची नाही, हा आमच्या सरांचा नियम आहे. आता तेच शब्द टाकले तर एकेचाळीस नोंदी येतात. समिती म्हणते, ती एक मीच लपवली."

"मग ती आली कुठून?" भावजी म्हणाले.

"तेच तर बघायला जायचंय. उठा," वहिनी म्हणाल्या.

ग्रंथपालांनी पडद्यावर नोंद काढून दाखवली. "ही गेल्या महिन्याच्या तीन तारखेला चढली. जुन्या नियतकालिकांच्या हजारो नोंदी त्या दिवशी एकदम आल्या. लेख नाही मिळत इथे, फक्त नाव आणि चार ओळींचा सारांश."

"आणि पत्र चार तारखेचं," वहिनी म्हणाल्या.

"तरी हिची सुटका नाही. छापील अंक आमच्याच कपाटात आहे. घरी देत नाही, पण इथे बसून कोण काय वाचतं ते लिहून ठेवत नाही आम्ही."

"पत्र तुम्ही तर नाही ना लिहिलंत?" भावजींनी सरळच विचारलं.

"तेवढा वेळ असता तर ही धूळ नसती का पुसली?"

ग्रंथपालांनी काढून दिलेला अंक भावजी चाळू लागले. "कागद भलताच जाड आहे हो. दोन-दोन, चार-चार पानं एकदम उलटतायत."

वहिनींनी अंक ओढून घेतला, वरच्या कडेवरून बोट फिरवलं. "दुसरी प्रत?"

"आसपास कुठेच नाही."

वाचनकक्षात मुलीचा सहाध्यायी बसला होता. अध्यापकाच्या एकाच जागेसाठी दोघांनी अर्ज केला होता.

"ती गेली तर मला फायदा, कबूल," तो म्हणाला. "पण मी रोमन रस्त्यांवर काम करतो. मडक्यांच्या नोंदी रोज कोण उपसत बसणार? त्या विषयावर नवी नोंद चढली की डेटाबेसची सूचना तिलाच येते."

"यायची," मुलगी म्हणाली. "हिवाळ्यात माझं खातं संपलं. तेव्हापासून ती सरांच्या ईमेलवर जाते."

मार्गदर्शक सर खिन्न दिसले. "मुलगी गुणी आहे हो. पण लेखात तेच आहे, त्याला मी काय करू? वापरातली भांडी, ओरखडे, सगळं."

"आणि शेवटी?"

"शेवटही तोच."

परतताना भावजी म्हणाले, "मला विचाराल तर तो रस्तेवालाच."

"तुम्हाला विचारलं तर चार वाजून जातील," वहिनी म्हणाल्या.

चार वाजता वहिनींनी अंक समितीपुढे ठेवला. "हजारो नोंदींतली ही एक, ती आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पत्र तयार. ज्याला खास या विषयाची सूचना आली, त्यालाच इतक्या लवकर कळणार. सूचना एकाच पत्त्यावर जात होती."

अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या सरांकडे पाहिलं.

"आता हा अंक बघा. जुन्या पद्धतीने घड्या न कापताच बांधलाय. लेखाच्या दुसऱ्या पानानंतर कडा जोडलेल्याच आहेत. पन्नास वर्षांत हा लेख इथे कुणीही वाचलेला नाही. हिनेही नाही, आणि सर, तुम्हीही नाही. तुम्ही चार ओळींचा सारांश वाचलात."

अध्यक्षांनी कागद कापायची सुरी पुढे केली. वहिनींनी शेवटची घडी कापली आणि वाचून दाखवलं. पहिल्या दोन पानांत लेखकाने दुसऱ्यांचं मत मांडलं होतं आणि शेवटच्या पानावर ते खोडून काढलं होतं. ओरखडे उत्खननातल्या फावड्याचे, भांडी नवी, असा त्याचा निष्कर्ष होता.

"म्हणजे उलटंच की," भावजी म्हणाले.

"सारांश लिहिणाराही दुसऱ्या पानावरच थांबला असणार," वहिनी म्हणाल्या.

"पत्र मीच लिहिलं," सर म्हणाले. "वाटलं, उद्या बाहेरच्या कुणी पकडलं तर हिच्याबरोबर माझंही नाव बुडेल. हिला तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. मला लाज वाटते."

आरोप रद्द झाला. मुलगी शेवटचं पान पुन्हा वाचत होती.

"फावड्याच्या मुद्द्याला मला उत्तर द्यावं लागेल," ती म्हणाली. "महिनाभर हवा."

"घ्या," अध्यक्ष म्हणाले.

सरांनी सुरी उचलून तिच्यापुढे धरली. "मधली पानं तू काप."

"नको, सर. तुम्ही कापा आणि वाचा. मी थांबते," ती म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली.