लीलाधरच्या घराखालचं पाणी

मावा जिलबीचा डबा विमानात नेऊ देतात की नाही, याचीच मला जास्त काळजी होती. माझ्या बायकोने, निर्मलाने, डबा पिशवीत गुंडाळला, त्याला माझा स्वेटर बांधला आणि म्हणाली, "कोणी विचारलं तर जरा मोठ्याने सांगा हं. नाहीतर तोंडातल्या तोंडात पुटपुटाल अन् डबा तिकडंच राहील."

तिचं बरोबर होतं. माझा आवाज पहिल्यापासून असाच. बुऱ्हाणपूरच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण मागच्या बाकांपर्यंत ते पोचलं असेल असं मला वाटत नाही. निवृत्तीनंतर पुस्तकं बरी. त्यांना ऐकू जावं लागत नाही.

लीलाधर माझा एकुलता एक मित्र. बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात आमची घरं समोरासमोर. बायको गेल्यावर त्याची मुलगी पूर्णिमा त्याला आपल्याकडे इस्तंबूलला घेऊन गेली. ती तिथे एका कापडाच्या कंपनीत आहे. त्याच्या पंचाहत्तरीसाठी मला तिकीट तिनेच पाठवलं आणि फोनवर खरं कारण सांगितलं.

"काका, बर्थडे तो बहाना आहे. येताना बाबांना बरोबर घेऊन जा. तुमच्याच विमानाचं तिकीट काढलंय त्यांचं. इथे ठीक नाहीत ते. दिवसभर किचनमध्ये फरशीला कान लावून बसतात. माझं तर ऐकतच नाहीत. तुमचं ऐकतील."

माझं कोणी ऐकेल, असं मला आयुष्यात प्रथमच कोणी सांगत होतं.

घर जुन्या वस्तीत होतं. गल्ली थेट समुद्राकडे उतरत गेलेली. दारोदार मांजरं, कोपऱ्यावर तीळ लावलेल्या पावाचा वास, वर सीगल पक्ष्यांचा कलकलाट. लीलाधर दारातच उभा होता. शर्ट त्याला मोठा झाला होता.

"काय रे भो, आलास एकदाचा! आधी डबा काढ."

तो स्वयंपाकघरात बसून जिलबी खाऊ लागला. त्याच्या खुर्चीजवळ फरशीत एक लाकडी झाकण होतं. पूर्णिमाने सांगितलं, या शहरात कित्येक घरांच्या खाली जुन्या काळातले पाण्याचे हौद आहेत. हाही तसाच. झाकणाच्या फटीतून गार हवा येत होती. ओला दगड आणि चुना. तो वास मी लगेच ओळखला.

लहानपणी आम्ही गावाबाहेरच्या कुंडी भंडाऱ्यावर जायचो. जमिनीखालून वाहणारं पाणी, आणि त्याच्यावर माळावर एका ओळीत विहिरींची तोंडं. एका कुंडीत लीलाधर हाक मारायचा आणि पुढच्या कुंडीला मी कान लावायचो. उलटं कधीच केलं नाही. माझी हाक तिथवर पोचायची नाही.

"खालून हाक येते," बोटं चाटत लीलाधर म्हणाला.

"कोणाची?"

"तेच तर समजत नाही यार. आवाज माणसाचा आहे, पण कोणाचाच नाही. कच्चा. जसं कोणी अजून शिकून राहिलंय."

"तू ओ दिलीस?"

"वेडा आहे का? आईने सांगितलेलं विसरलास?"

विसरलो नव्हतो. आमच्याकडे सगळ्याच आया सांगायच्या. हाक मारणारा दिसत नसेल, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. ते दुसरं जे असतं, त्याला तिसरी हाक मारता येत नाही.

"हे दोनदाच मारतं," लीलाधर म्हणाला. "मग मी गप बसतो. तेही गप बसतं."

मी वाचणारा माणूस. एकटेपणात कान वाजतात, पाण्यात कुठूनही आवाज येऊ शकतात, असं काहीतरी मी बोललो. बोलताना मलाच ते पटत नव्हतं.

वाढदिवसाच्या सकाळी पूर्णिमाने त्याला पाटावर बसवून ओवाळलं. पाट कुठून आणला कोण जाणे. निरांजनाच्या उजेडात लीलाधर पुष्कळ दिवसांनी पूर्वीसारखा दिसला. मी धीर केला.

"लीला, घरी चल. माझ्याबरोबर. उद्याच."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "तू सांगतोस म्हणजे जायलाच पाहिजे. एरवी तू कोणाला काही सांगतोस का! चल बुवा. केळीच्या पानावर जेवू."

पूर्णिमाने डोळे पुसले. मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला, हे खरं आहे.

दुपारी ती केक आणायला गेली. लीलाधर आतल्या खोलीत आडवा झाला होता. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो.

"दत्ता."

हाक स्वयंपाकघरातून आली. मी आत गेलो. कोणीच नव्हतं. फरशीतलं झाकण बाजूला सरकलेलं होतं. खाली दगडी पायऱ्या उतरत गेल्या होत्या, आणि त्यांच्या शेवटी काळं, न हलणारं पाणी.

"दत्ता."

पाण्याच्या बाजूने.

आवाज कोणाचा, हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्या शहरात मला त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता. तो पाय घसरून पडला, एवढंच माझ्या मनात आलं. मी गुडघे टेकले, त्या भोकात डोकं घातलं आणि आयुष्यात कधी ओरडलो नसेन इतक्या मोठ्याने ओरडलो.

"ओ! आलो!"

कुंडीत ओरडलेलं नेहमी परत येतं. हे परत आलं नाही.

मागे दार वाजलं. पूर्णिमा आत आली. तिच्या मागून लीलाधर, हातात केकचा खोका. मी पुस्तकात गुंग असताना तो मला न सांगता उठून तिच्यामागोमाग गेला होता. तिला एकटीला वजन उचलायला लागू नये म्हणून.

"काका, काय झालं? खाली का बसलात?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही."

"अं?" पूर्णिमाने कान जवळ आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाधरची बॅग पलंगावर रिकामी पडली होती. कपडे परत कपाटात गेले होते. पूर्णिमा भिंतीला टेकून उभी होती.

"मी नाही येत," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळलेला होता. "पण काल रात्री मजा आली यार. किती बोललास! शाळेचं, कुंड्यांचं, माझ्या आईचं. सगळ्या आयुष्यात तू इतका बोलला नव्हतास."

मी बोललो नव्हतो. जेवणानंतर मी लगेच झोपलो होतो.

तसं मी त्याला सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने हसत फरशीकडे बोट दाखवलं. "आता खाली तूच आहेस, तर मी तिकडे कशाला येऊ?"

मी एकटाच परतलो. बुऱ्हाणपूरला पोचेपर्यंत माझ्या आवाजाची नुसती कुजबुज उरली होती, आठवड्याभरात तीही गेली. डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं. घसा उत्तम आहे म्हणाले. निर्मला माझ्या हाताशी ताटली-चमचा ठेवते, काही लागलं तर वाजवायला. "तसंही तुम्ही कुठं फार बोलायचे," असं म्हणून ती हसते, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर येत नाही.

एकदा तिला घेऊन मी कुंडी भंडाऱ्यावर गेलो. वाकून तिने माझं नाव घेतलं. ते खाली घुमलं आणि वर आलं. मग मी वाकलो. पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

काल पूर्णिमाचा फोन आला. निर्मलाने तो स्पीकरवर लावला.

"काकू, काकांना द्या. बाबा पायऱ्यांवर जाऊन बसलेत. पाय पाण्यात सोडलेत. मी ओढते तर झटकून देतात. काका, तुम्ही सांगा ना त्यांना. फक्त वर या म्हणा. मी फोन त्यांच्या कानाशी धरते."

पाण्याचा बुडबुड आवाज आला. लीलाधरचा श्वास आला.

मी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. टेबलावर मुठी आपटल्या. ताटली खाली पडून घरंगळत गेली.

फोनमधून, लांबून, खालून, शब्द आला.

"लीला."

लीलाधर गप्प राहिला. अजून त्याला आईचं सांगणं आठवत होतं.

"लीला."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"लीला."

"ओ," लीलाधर म्हणाला. "आलो रे."

निर्मला माझ्या पाठीशी उभी होती. तिने माझा खांदा घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "आला की तुमचा आवाज!"