प्लेट सरकली!

"बाजूला हो! कवडशावर तुझं डोकं येतंय!" भिंगरीनं धाकट्या भावाला शर्टाला धरून मागं ओढलं.

"डोकं माझं आहे, कुठंही नेईन!" चिमटा फुरंगटला. उठताबसता चिमटे काढायची खोड असल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं. आत्ताही बाजूला होताहोता त्यानं एक काढलाच.

"आई गं! शंकासूर, धर रे याला!"

शंकासूर म्हणजे त्यांचा आतेभाऊ. थंडीच्या सुट्टीत मामाकडे आला होता आणि येताना प्रश्नांचं पोतं घेऊन आला होता. तो मात्र फरशीवर पालथा पडून वीत मोजत होता. "भिंगरे, कवडसा खिळ्यापासून वीतभर अलीकडे आहे. असं का?"

भिंगरीनं पुन्हा खिळ्याकडे पाहिलं. तेच तर तिला कळत नव्हतं!

विज्ञान केंद्राच्या त्या लांबलचक दालनात, दक्षिणेच्या भिंतीत उंचावर एक हातभर लोखंडी प्लेट होती आणि तिला वाटाण्याएवढं भोक. रोज भर दुपारी त्या भोकातून उन्हाचा कवडसा यायचा आणि फरशीतल्या पितळी पट्टीवर पडायचा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, म्हणून कवडसा भिंतीच्या पायथ्याशी. हिवाळ्यात सूर्य खाली कललेला, म्हणून कवडसा लांब. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी तो पट्टीच्या शेवटच्या पितळी खिळ्यावर टेकायचा आणि मग पुन्हा माघारी फिरायचा. आणि तो सगळ्यांत लहान दिवस उद्यावर आला होता!

ही पट्टी बसवली होती भिंगरीच्या आजोबांनी. आजोबा गवंडी. तरुणपणी सबंध वर्षभर रोज दुपारी ते या फरशीवर गुडघे टेकून बसले, रोज एक खूण केली आणि मग पितळ ओतलं. ढग आले तर दुसऱ्या दिवशी. ताप आला तरी ताप घेऊन! गावातल्या निम्म्या भिंती आजोबांनी बांधल्या होत्या. पण 'माझं काम' म्हणून ते बोट दाखवायचे ते फक्त या पट्टीकडे.

"बघितलंत ना, मुलांनो?" मागून खणखणीत आवाज आला. केंद्राचे साहेब हातात फाईल घेऊन उभे होते. "भूगर्भातली प्लेट सरकली आहे! आपल्या पायाखालची! उद्या दुपारी मजूर येतील, ही सगळी फरशी उखडून पाया तपासतील. मग छान चकचकीत नवी फरशी!"

"आणि पट्टी?" भिंगरीनं विचारलं.

"चुकीची पट्टी ठेवून काय करायचंय?"

दाराशी आजोबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंगरीला वाटलं, आता आजोबा साहेबांना चांगलं खडसावतील. पण ते हळूच म्हणाले, "माझाच हात चुकला असेल पोरी. तेव्हा कळलं नाही, आता कळलं." आणि काठी टेकत निघून गेले. भिंगरीला रडूच कोसळलं. आजोबांचा हात चुकला? ओळंब्याची वजन लावलेली दोरी सोडून भिंत सरळ आहे का ते पाहिल्याशिवाय ज्यांनी कधी कुणाला 'ओळंब्यात' म्हटलं नाही, त्यांचा?

"रडू नकोस," शंकासूर म्हणाला. "मला एक शंका आहे."

"तुला कधी नसते?"

"ऐक तरी! भूगोलाच्या बाई म्हणाल्या होत्या, जमिनीच्या त्या अवाढव्य प्लेटा सरकतात, पण आपली नखं वाढतात तेवढ्या सावकाश. वर्षाला दोन-चार बोटं फार तर! गेल्या हिवाळ्यात कवडसा कुठं होता?"

"खिळ्यावर! मीच खडूनं गोल काढला होता."

"मग वर्षभरात वीतभर कशी सरकेल?"

"भूकंप झाला असेल, धडाम!" चिमट्यानं उडी मारून दाखवली.

"वीतभर हिसका बसला असता तर तुझ्या तोंडातला एक तरी दात शिल्लक राहिला असता का? पलीकडच्या खोलीतल्या भूकंपमापकाच्या कागदावर तर सरळ रेघ आहे!"

भिंगरीनं डोळे पुसले. तिचं डोकं आता नावाला जागून गरगर फिरायला लागलं होतं. "आणि काय रे, जमीन सरकली तर भिंत काय हवेत लोंबकळत राहील? फरशी, भिंत, भोक, सगळं एकाच जमिनीवर! सरकलं तर सगळी वरात मिळून सरकेल!"

"म्हणजे जमीन हललीच नाही," शंकासूर पुटपुटला. "मग हललं काय?"

तिघांनीही एकदम वर पाहिलं. चिमट्याजवळ खेळण्यातली दुर्बीण होती. ती त्यानं आधी स्वतःच्याच डोळ्याला लावली, अर्थातच!

"भोकाजवळ गंजाचा ओघळ आहे," तो म्हणाला. "खालून वर गेलाय."

"पाणी कधी खालून वर वाहतं का, गाढवा?"

"मग तूच बघ!"

भिंगरीनं दुर्बीण हिसकावून पाहिलं. प्लेटवरचा तांबूस ओघळ भोकापासून वर चढला होता. आणि भोकही बरोबर मधोमध नव्हतं. मध्यापेक्षा सहा बोटं खाली होतं.

"उलटी!" ती किंचाळली. "प्लेट उलटी बसवलीय! भोक मध्याच्या सहा बोटं वर हवं होतं, ते सहा बोटं खाली गेलंय. तिथं बारा बोटांचा फरक, आणि ऊन तिरपं म्हणून इथंही जवळजवळ वीतभर!"

भिंतीला नव्या रंगाचा वास अजून येत होता. तिघं धावत सुटले ते थेट रंगारीकाकांकडे. काका अंगणात ब्रश धूत बसले होते.

"प्लेट? काढली होती ना, भिंतीला रंग द्यायला! पुन्हा बसवली तेव्हा शंका आली म्हणून लगेच कारकुनांना सांगितलं, 'प्लेट सरकलीय वाटतं, साहेबांना बघायला सांगा.' कुणी फिरकलंच नाही बघा!"

कारकूनकाकांनी टेबलाचा खण उपसून चिठ्ठीची नक्कल काढली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'प्लेट सरकली आहे. तातडीने लक्ष द्यावे.'

तिघंही हसून हसून लोळायचेच बाकी राहिले. साहेबांनी भिंतीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. एकदम पृथ्वीच्या पोटात शिरले होते!

पण साहेब ऐकतील तर ना! दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीनं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "अहवाल वर गेलाय. मुलांनी मुलांचं काम करावं."

"ठीक आहे, आम्ही आमचंच काम करतो," भिंगरी म्हणाली आणि तिनं शंकासुराला डोळा मारला.

दुपारी मजूर पहारी घेऊन आले. साहेब दालनाकडे निघणार, तोच शंकासूर आडवा आला. "साहेब, एकच शंका! प्लेटांच्या खाली काय असतं?"

साहेबांचा चेहरा खुलला. व्याख्यान द्यायची संधी ते सोडतील कशी? तप्त खडक झाला, ज्वालामुखी झाले, डोंगर कसे उचलले जातात तेही झालं. "आणखी एकच शंका! थंडीत पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून गारठा पडतो ना?"

"छे छे, साफ चूक! पृथ्वी कललेली आहे म्हणून! ऊन तिरपं पडतं, दिवस लहान होतो..." साहेब हातानंच पृथ्वी कलती करून दाखवू लागले.

तिकडे रंगारीकाका शिडीवर चढून प्लेटचे स्क्रू काढत होते, भिंगरी शिडी धरून उभी होती आणि चिमटा मजुरांना चहा देऊन देऊन बसवून ठेवत होता. "ओघळ खाली, काका! ओघळ खाली!"

"खालीच आहे गं बाई!" काकांनी शेवटचा स्क्रू पिळला.

भिंगरी पळत घरी गेली आणि आजोबांना अक्षरशः ओढत घेऊन आली. "कशाला गं? उखडताना बघायला?" आजोबा पाय ओढत होते.

साहेब आले, कारकूनकाका आले. कवडसा फरशीवर सरकत पट्टीकडे येत होता. वीतभर, मग बोटभर, मग केसभर अंतर राहिलं, आणि कवडसा थेट पितळी खिळ्यावर जाऊन बसला. खिळा लखलखला.

साहेबांनी कवडशाकडे पाहिलं, मग प्रथमच मान वर करून भिंतीकडे. भिंगरीनं चिठ्ठी पुढं केली. "सरकली ती ही प्लेट, साहेब."

साहेबांचे कान लाल झाले. मग मात्र ते स्वतःच खो खो हसले. "पहारी परत न्या रे!" ते मजुरांना म्हणाले. आजोबांपुढं येऊन त्यांनी हात जोडले. "माफ करा. तुमचा हात केसभरही चुकला नव्हता. वर न बघता खाली खोदायला निघालो तो मी! आणि मुलांनो, मी इतकी व्याख्यानं दिली, पण तो तिरपा किरण वापरला तुम्ही. शाब्बास!"

"साहेब, आणखी एक शंका..." शंकासूर सुरू झाला.

"नको!" सगळे एकदम ओरडले.

आजोबा मात्र गुडघे टेकून खाली बसले होते, पूर्वीसारखेच. त्यांनी खिळ्यावरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले होते. "माझी नात आहे ही," ते मजुरांना सांगू लागले. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली, तरी पुन्हा सांगितलं, "सख्खी नात!"

मग त्यांनी भिंगरीला जवळ ओढलं. तिच्या खांद्याकडे एक डोळा मिटून पाहिलं, भिंत पाहावी तसं, वरपासून खालपर्यंत. आणि आयुष्यभर मोजक्याच भिंतींच्या वाट्याला आलेला शब्द त्यांनी खणखणीत आवाजात उच्चारला.

"ओळंब्यात!"