पुढे सरकणारी सीट

बसा. वीज यायला तासभर तरी लागेल. मोबाईल खिशात ठेवा, तोंडावर उजेड पाडून असल्या गोष्टी ऐकायच्या नसतात. आणि मध्येच "काका, मग?" करायचं नाही. मग काय झालं ते मी सांगणारच आहे.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मित्राची आहे, लंबूची. वेल्डर होता. सहा फूट दोन इंच. दारातून वाकून यायचा आणि तरी महिन्यातून एकदा चौकटीला डोकं आपटायचा. बायको आजारपणात लवकर गेली, मागे एकच मुलगी. बाप ताडमाड, आईसुद्धा उंच, आणि पोरगी बापाच्या खांद्यालाही पोचत नव्हती. कुणावर गेली देव जाणे. पण त्याचा सगळा जीव त्या पोरीत.

तिला वीस किलोमीटरवर रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागायची होती. पोरीने खचाखच भरलेल्या जीपमधून ये-जा करावी हे काही त्याला बघवेना. म्हणून त्याने एक जुनी गाडी उचलून आणली. गाडी कसली, गंजाचा ढीग. तळाची नुसती चाळण झालेली. मी म्हटलं, लेका, हिच्यापेक्षा नवा सांगाडा ठोकायला कमी वेळ लागेल. पण ऐकेल तो लंबू कसला. सहा महिने कामावरून आला की गाडीखाली. दार एका गाडीचं, रेडिएटर दुसरीचा, दिवे तिसरीचे. सगळं जमलं, ड्रायव्हरची सीट तेवढी मिळेना. मी सीटा शिवणारा माणूस, म्हणून एका रविवारी सकाळी मला घेऊन भंगारवाल्याकडे गेला.

तिथे एका कोपऱ्यात अगदी त्याच बनावटीची गाडी होती. पुढून चेपलेली, पण सीट शाबूत. काढायला गेलो तर ती मागे सरकेना. पार स्टिअरिंगजवळ जाऊन बसली होती. दोघांनी पाय लावून रेटली तेव्हा कुठे हलली. लंबूने विचारलं, गाडी कुणाची? भंगारवाला म्हणाला, भंगारात नावगाव विचारायचं नसतं. आम्ही सीट उचलून फाटकापर्यंत आलो तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. म्हणाला, बाई होती, ठेंगणीशी, एकटी. कुठे निघाली होती ठाऊक नाही, पण फार घाईत होती म्हणतात.

मी जुनं कव्हर, जुना फोम सगळं काढून नवं शिवून दिलं. लंबूने सीट बसवली आणि आपले गुडघे मावतील इतकी मागे सारली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगवर आदळले. सीट पुढे आलेली. त्याला वाटलं पोरीची थट्टा. मागे सारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गॅरेजला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. पोरगी मात्र खुशीत होती. म्हणायची, बाबा, मी चालवायला शिकायला बसते तेव्हा सीट बरोब्बर माझ्या मापाची असते, तुम्ही लावून ठेवता ना?

मग डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी रात्री तो गॅरेजमध्ये स्टूल टाकून पहाऱ्याला बसला. सकाळी उजाडताच माझ्याकडे आला. त्याने जे सांगितलं ते असं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी बंद. काचा वर. आत कुणी नाही.

सीटखालचा खटका उचलल्याचा आवाज आला.

सीट सरकली. हळूहळू. एक खाच… दुसरी… तिसरी…

थांबली.

मग मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला. ब्रेकचा. कुणीतरी ब्रेक दाबला होता… आणि सोडत नव्हतं.

मी म्हटलं, ती सीट आत्ताच्या आत्ता फेकून दे. तो म्हणाला, दुसरी शोधायला पुन्हा महिने जातील, आणि एक तारखेला पोरगी कामावर जाणार. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला,

"ती बाई माझ्या पोरीचं माप घेतेय."

त्याच दिवशी त्याने सीट आपल्या पायाच्या मापाने मागे सारली आणि तिचे दोन्ही रूळ वेल्ड करून टाकले. आता ती जन्मात हलणार नव्हती. पोरीला सांगितलं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही, सोडायला मी येईन आणि आणायलाही मीच. ती दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. मलाही ते पटलं होतं. पटलं काय, वेल्डिंग करताना सीट दाबून धरायला मीच होतो.

सीट हलली नाही. महिनाभर काही नाही. सुटलो रे, म्हणाला.

जानेवारीची तेवीस तारीख, शुक्रवार. रात्री पावणेतीनला लंबूच्या छातीत कळ आली. पोरीने अँब्युलन्सला फोन केला, ते म्हणाले तासभर लागेल. त्यांचं घर वस्तीपासून लांब. तिने मला फोन केला. माझा फोन बंद होता. मी ढाराढूर झोपलो होतो. याची मला आजही लाज वाटते.

तिने बापाला खांदा देत देत गाडीपर्यंत आणलं. एवढीशी पोर ती. मागच्या सीटवर निजवलं आणि स्टिअरिंगवर बसली.

पाय पोचेना.

सीटच्या कडेवर आली. क्लचला नुसता अंगठा लागला. गाडीने हिसका दिला, बंद पडली. पुन्हा. पुन्हा बंद. तिने खटका ओढला, सीट हलवली, लाथ मारली. वेल्डिंग लंबूचं. ते तुटणार थोडंच? मागे बाप कण्हत होता. तिसऱ्यांदा बंद. चौथ्यांदा बंद. ती रडत होती.

पाचव्यांदा पाय पोचला.

क्लच तळापर्यंत गेला. कसा, ते तिने बघितलं नाही. तेवढा वेळच नव्हता. गाडी निघाली.

रस्ता रिकामा. पोरगी ताठ बसलेली. डोळे समोर. मागे बापाचा श्वास… थांबून थांबून… मग तो बोलला. अगदी शांतपणे.

"माझ्या पोरीला सांभाळून न्या."

ती म्हणाली, बाबा, मी आहे… गाडीत मीच आहे…



तो परत बोललाच नाही.

हॉस्पिटलच्या दारात पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, दहा मिनिटं आधी आणायला हवं होतं. ती दहा मिनिटं घराच्या अंगणातच गेली होती. आम्ही दोघांनी रूळ वेल्ड केले त्यापायी गेली. पोरीला वाचवायला म्हणून केलं होतं आम्ही ते.

सकाळी सहाला माझा फोन चालू झाला. साडेसहाला मी तिथे पोचलो. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. पोरगी बाकावर बसली होती. माझ्या गळ्यात पडेल वाटलं, पण नाही. उठली आणि मला गाडीपाशी घेऊन गेली. रात्री लावलेलं कुलूप तिने तेव्हा उघडलं.

ड्रायव्हरच्या सीटवर, पाठीशी, एक जाडजूड उशी होती.

"काका, ही तुम्ही शिवलीत?"

मी नाही. त्यांच्या घरातलीही नाही. तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती. बारीक फुलांचं कापड, विटलेलं. कडेला हातशिलाई. आणि मधोमध पाठीचा खोलगा. आयुष्यभर मी हेच काम केलं, म्हणून सांगतो, असा खोलगा एका रात्रीत पडत नाही. एकच माणूस पंधरा-वीस वर्षं टेकून बसलं तर पडतो.

काचांवर दव गोठलं होतं. सीट गार. स्टिअरिंग गार.

मी उशीवर हात ठेवला.

गरम होती.