वजन बरोबर भरलं

"सायेब, गुन्हा कबूल करतो. कुठं अंगठा उठवू? फकस्त एकदा भामाला बघू द्या."

रहिमतपूरच्या कोठडीत धोंडिराम कांबळे गज धरून रडत होता. फौजदार राजाराम मान्यांनी कागद पुढे केलाच नाही. न विचारता कबूल होणाऱ्याचं त्यांना कधी पटत नसे.

सकाळी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात धोंडिरामची बायको भामाबाई भजी तळत होती. तेल तडतडलं आणि उसळून तिच्या अंगावर आलं. तेलात पाणी होतं. आता ती साताऱ्याच्या दवाखान्यात होती, आणि डॉक्टर काही सांगत नव्हते. तेलाची दोन पिंपं आदल्या दिवशी भाऊसोच्या दुकानातून धोंडिरामनंच बैलगाडीत आणलेली.

"वाटेत थांबलास?"

"ओढ्यावर. बैलास्नी पाणी पाजाय."

"पिंप उघडलंस?"

"न्हाई जी. पर कोण ऐकतंय?"

भाऊसो व्यापारी गादीवर निवांत होता. "आमचा माल चोख. गिरणीनं पिंपावर रंगवलेलं वजन बघा. बोर्डिंगात उतरताना पंचांसमोर दोन्ही पिंपं तेवढीच भरली. ह्यानं ओढ्यावर तेल काढून पाणी भरलं, दुसरं काय?"

"तुमच्याकडं पिंप तोलायचा काटा आहे?"

"हाय की. लय मोठा."

माल वजनानं उतरवून घ्यायचा, ही सगळ्यांचीच रीत. वजन भरल्यावर पिंपात डोकावतो कोण?

माने डोकावले. बोर्डिंगातलं दुसरं पिंप अजून बंद होतं. ते त्यांनी लिटरच्या मापानं रिकामं करवलं. गिरणी दोनशे लिटर तेल भरते. तळाचं पाणी धरून निघाले एकशे ब्याण्णव. माने पूर्वी लष्करात पेट्रोलच्या साठ्यावर होते; माप आणि वजन ताडून बघायची त्यांना सवय होती. त्यांनी भाऊसोला बोलावून घेतलं.

"लिटरभर पाणी किलोभर भरतं, लिटरभर शेंगतेल नऊशे दहा ग्रॅम. दोनशे लिटर तेलाचं वजन, पिंप वगळून, एकशे ब्याऐंशी किलो. तेच पिंपावर रंगवलंय. एकशे ब्याण्णव लिटर निव्वळ तेल पावणेदोनशेच भरेल. तरी काट्यावर भरले एकशे ब्याऐंशी. वरचे सात किलो आले कुठून? पाणी लिटरमागं नव्वद ग्रॅमनं जड. म्हणजे पिंपात ऐंशी लिटर पाणी."

"त्यानंच घातलं!" भाऊसो ओरडला.

"ओढ्यावर चोरानं पिंप तोंडापर्यंत भरलं असतं. मग वजन वाढलं असतं. इथं वजन जुळताच पाणी थांबलंय, तेही दोन्ही पिंपांत. त्याला काटा लागतो, भाऊसो. ओढ्यावर काटा कुठला? बोर्डिंगात पिंपं तोलली, ती लगेच पंचांसमोर कुलपात गेली. उरला तुझा काटा."

भाऊसोनं हात जोडले. "बाईला भाजावं असं न्हवतं मनात, सायेब. वजन भरलं की कुणी बघत न्हाई, म्हणून..."

मान्यांना त्याची किळस आली. त्यांनी धोंडिरामला कोठडीतून काढून साताऱ्याला न्यायला जीपमध्ये घातलं.

दवाखान्यात भामाबाईनं डोळे उघडले. कुणीतरी तिच्या कानावर घातलंच होतं.

"आवं... तुमी घातलं व्हय पाणी?"

धोंडिराम तिच्या उशाशी बसून रडू लागला. माने पुढे झाले. "त्यानं नाही, बाई. भाऊसोनं."

"मग रडतायसा कशाला?" ती कशीबशी म्हणाली. "बैलं सोडलीत का कुणी? सकाळधरनं जुपलेली असतील."

दुसऱ्या दिवसाची पहाट तिनं पाहिली नाही.