गाडीची उजवी बाजू

पाऊस आला तेव्हा मार्लिस भंगारवाल्याच्या फाटकावर नव्या पाटीचं शेवटचं अक्षर रंगवत होती. विस्कॉन्सिनमधला जूनचा पाऊस तो, येतो तो सांगून येत नाही. ब्रश दातात धरून ती पळत सुटली आणि जिचं छप्पर शाबूत दिसलं त्या पहिल्याच गाडीचं मागचं दार उघडून आत घुसली.

आत आधीच कुणीतरी होतं. म्हणजे... दोन बूट होते. बाकीचा माणूस सीटखाली.

"दार लावा हो," सीटखालून आवाज आला, "स्क्रू भिजतायत माझे."

"स्क्रू भिजतायत! आणि मी?"

"तुम्ही भिजून झाला असाल एव्हाना."

मग डोकं बाहेर आलं. केसांत गंज, गालावर ग्रीसचा पट्टा आणि डोळे असे हसरे, की मार्लिसला आपला राग आठवेना. ओरिन त्याचं नाव. मटार-मका डबाबंद करणाऱ्या कारखान्यात हंगामापुरता लागला होता, ऑगस्टअखेरपर्यंत. पुढे ओरेगॉनला जायचं होतं, तिथं सुतारकाम मिळणार होतं.

ती गाडी म्हणजे एक जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन होती. दोन्ही अंगांना लाकडी फळ्या ठोकल्यासारखी दिसणारी. अगदी तशीच एक ओरिनकडे होती, आणि तिच्यासाठी तो हिची मागची सीट सोडवत होता. ही सीट उलटी असते. तोंड मागे राहिलेल्या रस्त्याकडे.

"आमच्याकडेपण होती अशी," मार्लिस सीटवर टेकत म्हणाली. "मी आणि भाऊ मागून येणाऱ्या गाडीवाल्यांना जीभ काढून दाखवायचो."

"अच्छा! म्हणजे ती तुम्ही होय. माझं सगळं बालपण तुमच्या मागच्या गाडीत गेलंय."

ती खळखळून हसली. ओरिन शेजारी येऊन बसला. पोरांसाठी केलेली सीट ती, दोघांचे गुडघे हनुवटीला टेकले. समोर काचेवरून पाणी ओघळत होतं आणि पलीकडे गंजलेल्या गाड्यांची रांग धूसर झाली होती.

"पण लाकूड खोटं आहे हां," ती म्हणाली. "पाट्या रंगवते मी, मला फसवू नका. व्हिनाइलवर, प्लास्टिकच्या चिकटकागदावर, छापलेलं चित्र आहे नुसतं."

"आहेच मुळी खोटं. पण बघा ना... एवढं मोठं लोखंडी धूड, आणि कुणाला तरी वाटलं, हिला घरातल्या कपाटासारखं नटवावं. त्या हौसेवरच मी फिदा आहे."

"धूड म्हणू नका. तिला ऐकू जातं."

ओरिनने वळून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"माझ्या गाडीचं लाकूड पार उडालंय," तो म्हणाला. "नवं चिकटवून द्याल?"

मार्लिसचं दुकान चिंचोळं. वॅगन आत घेतली तर निम्मी बाहेरच राहायची, म्हणून काम शेजारच्या बोळात, उघड्यावर चालायचं. जुनं व्हिनाइल खरवडण्यात पंधरवडा गेला. मग जुलैच्या एका सकाळी त्यांनी डावी बाजू घेतली. हे काम एकट्याचं नाहीच. पत्र्यावर साबणाचं पाणी मारायचं, एकाने व्हिनाइल ताणून धरायचं, दुसऱ्याने रबरी पट्टीने मधून कडेकडे दाबत न्यायचं.

"तिरकं धरतोयस," ती ओरडली. केव्हाच अहोचं अरे झालं होतं.

"तिरकी तू उभी आहेस."

"गप धर. इथं बुडबुडा राहिला बघ."

"राहू दे की एक. दृष्ट लागू नये म्हणून."

साबणाच्या पाण्यात त्यांचे हात एकमेकांवरून घसरत होते. आणि घसरलेला हात लगेच उचलायची घाई कुणालाच नव्हती.

उजवी बाजू पुढच्या आठवड्यात करायची होती. पण त्या शनिवारी रात्रभर मार्लिसला एकच विचार छळत राहिला. गाडी झाली की हा जाणार.

"आज नको," सकाळी ती म्हणाली. "ऊन फार आहे. व्हिनाइल ताणलं जाईल."

"बरं."

पुढच्या खेपेला हवा दमट होती. त्याच्या पुढच्या खेपेला वारा होता, धूळ बसली असती. मग रोलवरच्या रेषा डाव्या बाजूशी जुळेनात. ओरिन दर वेळी "बरं" म्हणायचा, हात खिशात घालायचा आणि म्हणायचा, "मग शुक्रवारी मासे खायला येतेस?" शुक्रवारचे तळलेले मासे, नदीकाठचं ते लाकडी बाक, दोघांत एकच बशी... ऑगस्ट असा भुर्रकन गेला.

समोरच्या खानावळीत मार्लिसची लोइस आत्या काउंटरवर बसायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"तुझा तो लाकूडवाला," एकदा ती म्हणाली, "दर रविवारी माझ्या दारातल्या फोनवर तास तास बोलतो. काय लाडानं बोलतो, काय हसतो! ओरेगॉनला कुणीतरी आहे बाई त्याची."

 त्याला विचारावं असं मार्लिसच्या हजारदा मनात आलं. पण विचारलं आणि तो "हो" म्हणाला तर? त्यापेक्षा दमट हवा बरी.

सप्टेंबर लागला. कारखाना बंद झाला तरी ओरिन राहिला. नंतर नंतर रविवारचा फोन आखूड झाला. रिसीव्हर ठेवून तो बराच वेळ तिथंच उभा राहायचा.

ऑक्टोबरमध्ये, एका कडाक्याच्या सकाळी त्याने गाडी दुकानासमोर आणून लावली. मागे बॅगा भरलेल्या होत्या.

"निघालो," तो म्हणाला.

"पण... उजवी बाजू?"

"लाव ना. आज ऊन नाही."

ती खाली बघत म्हणाली, "आता थंडीत नाही चिकटत. पहिल्या पावसात सुटून येईल."

"म्हणजे आज खरं बोलतेयस." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मार्लिस, दिवसभर डब्यांना लेबलं लावायचो मी. काय कधी चिकटतं ते मला कळत नव्हतं वाटतं?"

तिचा चेहरा लाल झाला. "मग बोलला का नाहीस?"

"मला हवंच होतं ते. तू रोज नवीन थाप मारावीस आणि मी राहावं. इतक्या सुखात मी कधीच नव्हतो..." त्याने मागच्या बॅगांकडे पाहिलं. "ओरेगॉनला माझी मुलगी आहे. हॅटी. आठ वर्षांची. आईबरोबर राहते. शाळेच्या पहिल्या दिवशी लाकडी गाडीतून सोडीन असं कबूल केलं होतं मी तिला. सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं तिनं. आता फोनवर यायलाच तयार नाही."

 एवढे दिवस जिच्यावर मार्लिस जळत होती ती आठ वर्षांची होती.

"मला सांगायचंस ना रे!"

"भीती वाटली. पोर आहे म्हटलं की बायका दोन पावलं मागे सरकतात. सरकलीही नसतीस तू, आता कळतंय मला." त्याने तिचा गार हात दोन्ही हातांत धरला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. चल म्हटलं असतं. पण आज तुला शेजारी बसवून दारात उभा राहिलो, तर बाप कुणापायी आला नाही ते तिला बरोबर कळेल. आयुष्यभर तुझा राग करेल ती."

माझंही आहे, खूप आहे, ती म्हणाली. रडत रडतच म्हणाली. आणि तो म्हणतोय ते खरं आहे हेही तिला कळत होतं.

ती आत गेली आणि व्हिनाइलचा उरलेला रोल घेऊन आली. बरोबर रबरी पट्टी.

"हे घे. पोचल्यावर एखादा उबदार दिवस बघ. तिथं असतील अजून."

"एकट्याने कसं होणार?"

"हॅटीला घे बरोबर. पाणी तिला मारू दे, पोरांना आवडतं. दाबायचं मधून कडेला. बुडबुडा राहिला तर सुईने टोचायचा, तोही तिलाच टोचू दे. वाकडं लागलं तरी रागावू नकोस."

"मार्लिस..."

"निघ ओरिन. लांबचा पल्ला आहे."

इंजिन घरघरलं. फुटपाथवर उभ्या मार्लिसकडे गाडीची उजवीच बाजू होती. उघडा, राखाडी पत्रा तिच्या डोळ्यांसमोरून दारादाराने पुढे सरकत गेला. तिला वाटलं, एका सकाळचं काम होतं हे.

लोइस आत्या अंगावर शाल ओढत रस्ता ओलांडून आली.

"गेला? त्या बाईकडेच ना?"

"मुलगी आहे आत्या ती त्याची. आठ वर्षांची."

 आत्या हळूच म्हणाली, "अगं, मग एकदा विचारायचंस तरी त्याला! विचारलं असतंस तर काय, ऑगस्टमध्येच निघून गेला असता, एवढंच ना?"

"हो," मार्लिस म्हणाली. "ऑगस्टमध्येच गेला असता. आणि मीही गेले असते."